महिरप, नेमप्लेट की खुर्चीचा पाय? लाकडात वळणदार काप घेण्यासाठी कोणती करवत निवडाल?

2018 मध्ये महाराष्ट्रात थर्माकोलच्या सजावटीच्या साहित्यावर बंदी आली. तेव्हापासून गणपतीच्या मखरासाठी पुठ्ठा, कापड, बांबू यांच्यासोबत प्लायवुड आणि एमडीएफचा पर्याय पुढे आला. घरच्या गॅरेजमध्ये किंवा छोट्या गाळ्यात महिरपी, नेमप्लेट, लाकडी खेळणी करून विकू पाहणाऱ्यांना पहिला प्रश्न पडतो तो वळणदार कापाचा. साधी हातकरवत सरळ रेषेत उत्तम चालते, पण वळणावर अडते.

इथे चुकीचं मशीन घेतलं तर सुरुवातीचं भांडवल अडकून पडतं. शिवाय प्रश्न बोटांचा आणि फुफ्फुसांचाही आहे.

करवत वळते कशी?

करवतीचे दाते आळीपाळीने डावीकडे आणि उजवीकडे किंचित वाकवलेले असतात. त्यामुळे लाकडात पडणारी चीर पात्याच्या जाडीपेक्षा थोडी रुंद असते. या मोकळ्या जागेतच पातं वळू शकतं. पातं जेवढं रुंद, तेवढी त्याची मागची कड चिरेच्या भिंतीला लवकर टेकते. म्हणून नियम सोपा आहे: वळण जितकं लहान, पातं तितकं अरुंद.

गोल पात्याची सर्क्युलर सॉ वळणासाठी का चालत नाही, याचं उत्तरही यातच आहे. तिचं मोठं चक्र चिरेत अडकतं आणि मशीन मागे उसळू शकतं.

पर्याय कोणते?

1. कोपिंग सॉ: 'यू' आकाराच्या चौकटीत ताणून बसवलेलं बारीक पातं असलेली ही हातकरवत सर्वांत स्वस्त. वीज लागत नाही, आवाज होत नाही. वेग मात्र कमी. महिन्याला दोन-चार नग करणाऱ्यांना ती पुरते.

2. जिगसॉ: हातात धरून चालवायचं हे मशीन. पातं खाली-वर होतं. मोठ्या बोर्डवर मशीनच फिरवता येत असल्याने तीन-चार फुटी महिरपीसाठी हाच सोयीचा पर्याय. त्याच्या दोन मर्यादा आहेत. पातं फक्त वरच्या टोकाला पकडलेलं असतं, त्यामुळे जाड लाकडात खालचं टोक भरकटतं. वरून काप रेषेवर दिसतो, पण खालून तिरका गेलेला असतो. दुसरं म्हणजे नेहमीचं पातं वर येताना कापतं, त्यामुळे वरच्या बाजूचे टवके उडतात. सनमायका लावलेला बोर्ड असेल तर आखणी मागच्या बाजूला करून कापावं. वळणासाठी खास अरुंद पाती मिळतात, तीच घ्यावीत. मशीनला ऑर्बिटल सेटिंग असेल तर ते शून्यावर ठेवावं.

3. स्क्रोल सॉ: टेबलावर बसणाऱ्या या मशीनमध्ये अगदी बारीक पातं दोन्ही टोकांना ताणलेलं असतं. लाकडाला भोक पाडून पातं त्यातून ओवता येतं, म्हणून आतला भाग कापून काढण्यासाठी याला तोड नाही. नेमप्लेटवर 'व', 'ब' किंवा 'क' कोरायचा असेल तर अक्षराच्या पोटातला तुकडा काढावाच लागतो. पण हे काम पातळ लाकडाचं. साधारण इंचभराच्या पुढे वेग फार मंदावतो.

4. बँडसॉ: दोन चाकांवरून सलग फिरणारं पट्ट्यासारखं पातं. जाड लाकडात वळण घ्यायचं, उदाहरणार्थ खुर्चीचा बाकदार पाय, तर हेच मशीन. पाव इंची पात्याने साधारण 16 मिलिमीटर त्रिज्येचं वळण घेता येतं, अर्धा इंची पात्याला सुमारे 63 मिलिमीटर लागतात. पातं सलग असल्यामुळे कड न कापता आतला भाग मात्र काढता येत नाही. आणि पातं ते मशीनचा खांब यांतल्या अंतरापेक्षा रुंद बोर्ड वळवणं अवघड जातं. छोट्या मशीनमध्ये हे अंतर 9-10 इंचच असतं.

मग घ्यायचं काय?

आधी कोणता माल विकणार ते ठरवा, मग मशीन.

- मोठे बोर्ड, मखर, महिरप: जिगसॉ
- अक्षरं, जाळी, कोडी, लहान खेळणी: स्क्रोल सॉ
- जाड लाकूड, फर्निचरचे भाग, एकसारखे अनेक नग: बँडसॉ
- अजून नक्की ठरलेलं नाही: कोपिंग सॉ आणि जिगसॉ, दोन्हींचा खर्च मिळूनही बँडसॉपेक्षा बराच कमी

मशीन कोणतंही असो, पातळ लाकडात एका वेळी किमान तीन दाते टेकलेले असावेत, नाहीतर लाकूड फाटतं. वळण फारच लहान असेल तर आधी टाकाऊ भागात कडेपासून रेषेपर्यंत काही सरळ काप द्यावेत. तुकडे सुटत जातात आणि पात्याला वळायला जागा मिळते. काप रेषेच्या किंचित बाहेरून घ्यावा, उरलेलं कानस आणि पॉलिश पेपरने काढता येतं.

धोका कुठे आहे?

बँडसॉवर काम करताना हातमोजे घालू नयेत. मोजा पात्यात अडकला तर हातही ओढला जातो. गोल ओंडका नुसता धरून कापू नये, तो गरकन फिरतो. त्याला 'व्ही' आकाराच्या खाचेत बसवावं. जिगसॉने कापताना बोर्ड क्लॅम्पने पक्का करावा आणि खाली पात्याच्या वाटेत हात किंवा वायर नाही ना, हे पाहावं. पातं बदलण्याआधी प्लग काढावा.

भुशाकडे दुर्लक्ष होतं, कारण त्याचा त्रास लगेच जाणवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीला माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकलं आहे. एमडीएफची धूळ तर फारच बारीक, आणि त्यात बहुतेकदा फॉर्मल्डिहाइड असलेला डिंकही असतो. तोंडाला रुमाल बांधून ती अडत नाही. म्हणून मशीनच्या बजेटमध्येच एन-95 दर्जाचा मास्क, चष्मा आणि भुसा ओढणारा व्हॅक्यूम धरावा. त्यासाठी एक पायरी स्वस्त मशीन घ्यावं लागलं, तरी हरकत नाही.