ठोकळे खेळतो, मग शिकतो कधी?

बालवाडीच्या पालकसभेत एक प्रश्न हमखास येतो : "दिवसभर ठोकळेच खेळतो, लिहायला कधी शिकणार?" आणि मग तीन वर्षांच्या मुलाच्या हातात पेन्सिल येते, ठोकळे माळ्यावर जातात. आज बघू या, ठोकळ्यांबरोबर माळ्यावर नेमकं काय जातं.

जर्मनीतल्या फ्रोबेलने १८४० मध्ये आपल्या बालशाळेला 'किंडरगार्टन' हे नाव दिलं. त्याच्या साधनांमध्ये लाकडाचा एक घन होता, आठ छोट्या सारख्या घनांनी बनलेला. मुलाने तो सुटा करायचा, पुन्हा जुळवायचा. म्हणजे पूर्ण आणि भाग, दोन्ही हातात.

पुढे न्यूयॉर्कमध्ये कॅरोलिन प्रॅटने १९१४ मध्ये शाळा सुरू केली. तिने तयार केलेल्या ठोकळ्यांचं माप लक्षात घेण्यासारखं आहे. जाडी एक धरली, तर रुंदी दोन आणि लांबी चार. अर्धे ठोकळे होते, दुप्पट लांबीचेही होते. भिंत रचताना लांब ठोकळे संपले, की मूल शोधाशोध करतं आणि दोन अर्धे शेजारी ठेवतं. भिंत पूर्ण! 'अपूर्णांक' हा शब्द त्याला अजून ठाऊक नाही, पण दोन अर्धे मिळून एक, हे त्याला कळलंय.

आता पूल घ्या. दोन ठोकळे उभे, त्यांवर एक आडवा. सोपं वाटतं ना? पण उभे ठोकळे फार लांब असले तर आडवा खाली पडतो. मूल तोच पुन्हा ठेवतं, जोरात दाबून ठेवतं, कधी चिडतंसुद्धा. आणि मग केव्हातरी उभा ठोकळा जरासा जवळ सरकवतं. अंतराचा आणि लांबीचा संबंध त्याने स्वतः शोधलेला असतो. चूक कुठे झाली हे पडलेल्या ठोकळ्यानेच दाखवलं. कुणी रागावलं नाही, कुणी हसलं नाही.

इथेच आपण मोठी माणसं घोटाळा करतो. "अरे, असं नाही, असं ठेव," म्हणत हात घालतो. पूल उभा राहतो, पण शोध आपला होतो. त्यापेक्षा थांबा. बोलायचंच असेल, तर दिसतं ते बोला : "दोन छोटे जोडून तू एक मोठा केलास." मूल लगेच सांगू लागतं, "हे स्टेशन आहे, इथे गाडी थांबते." म्हणजे भाषाही आली. शेजारी दुसरं मूल असेल, तर "तो लांबवाला मला दे" यावरून देवाणघेवाण, क्वचित भांडणही.

महागडा संच हवाच का? नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला परिसरातल्या साध्या वस्तूंमधून शिक्षणाची साधनं उभी केली. सुताराकडून उरलेल्या लाकडाचे तुकडे घ्या, तोंडात मावणार नाहीत एवढे मोठे, पॉलिश पेपरने घासलेले. फक्त माप नेमकं कापून घ्या. दोन अर्धे मिळून एक झालंच पाहिजे, नाहीतर ठोकळाच चुकीचं शिकवेल. आणि संख्या भरपूर ठेवा. आठ-दहा तुकड्यांत गाव वसत नाही.

लिहिणं येईलच. त्याआधी मुलाला रोज थोडा सलग वेळ द्या, आणि अर्धवट राहिलेलं बांधकाम शक्य असेल तर उद्यापर्यंत तसंच राहू द्या.