जुना इन्फ्रारेड कीबोर्ड-माउस कॉम्प्युटरला जोडायचाय? मदरबोर्डवरची 'ती' पिन विसरा, आधी हे वाचा

लातूर आणि नांदेडमध्ये स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे हजारो विद्यार्थी खोली करून राहतात. अशा खोलीत बऱ्याचदा सेकंडहँड कॉम्प्युटर येतो आणि त्यासोबत कधी कधी जुना वायरलेस कीबोर्ड-माउसही. सगळं जोडलं जातं, बटण दाबलं जातं आणि स्क्रीनवर येतं : 'कीबोर्ड एरर'.

कीबोर्ड खराब आहे की मदरबोर्ड? अनेकदा दोन्ही ठीक असतात. अडचण जोडणीत असते.

इन्फ्रारेड म्हणजे नेमकं काय?

टीव्हीचा रिमोट ज्या प्रकाशावर चालतो, तोच हा. डोळ्यांना न दिसणारा. कीबोर्डमधला छोटा एलईडी लुकलुकतो, समोरचा रिसीव्हर ते पकडतो. हे तंत्र नवं नाही. आयबीएमने 1983 मध्ये जाहीर केलेल्या 'पीसीज्युनियर'सोबत इन्फ्रारेड कीबोर्डच दिला होता.

आजचे वायरलेस संच मात्र बहुतेक 2.4 गिगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींवर किंवा ब्लूटूथवर चालतात. त्यामुळे आपला संच कोणता, हे आधी तपासा. मोबाइलचा कॅमेरा कीबोर्डच्या पुढच्या काळपट काचेसमोर धरा आणि एखादं बटण दाबा. स्क्रीनवर जांभळट ठिपका चमकला तर संच इन्फ्रारेड आहे आणि सेलही चालू आहेत. काही मोबाइलच्या मागच्या कॅमेऱ्यात हा प्रकाश दिसत नाही. म्हणून आधी टीव्हीच्या रिमोटवर कॅमेरा तपासा, गरज पडल्यास सेल्फी कॅमेरा वापरा.

मदरबोर्डवर 'आयआर' लिहिलंय, तिथे जोडू का?

इथेच बहुतेकांची फसगत होते. अनेक जुन्या मदरबोर्डवर 'आयआर' किंवा 'आयआरडीए' लिहिलेल्या पाच पिना असतात. नाव विमा नियामकासारखं वाटलं तरी ही आहे 1993 मध्ये स्थापन झालेली इन्फ्रारेड डेटा असोसिएशन. या पिना साधारण एक मीटरवरून मोबाइल, प्रिंटर किंवा लॅपटॉपशी डेटाची देवाणघेवाण करण्यासाठी होत्या. बायोसमध्ये 'यूएआरटी 2 मोड' बदलला की दुसरा सिरियल पोर्ट इन्फ्रारेडसाठी वापरला जातो.

पण कॉम्प्युटर सुरू होताना या पोर्टवर कीबोर्ड शोधत नाही. शिवाय बहुतेक कीबोर्डची सिग्नल पाठवण्याची भाषाच वेगळी असते. म्हणून या पिनांच्या नादी लागू नका. चुकीच्या पिनेला 5 व्होल्ट गेले तर मदरबोर्डलाच इजा होऊ शकते.

मग जोडायचं कसं?

संचासोबतचा मूळ रिसीव्हर हवाच. तो नसेल तर संच घेऊ नका. दुसऱ्या कंपनीचा रिसीव्हर सहसा चालत नाही.

1. रिसीव्हरला दोन गोल पिना असतील तर त्या पीएस/2 आहेत. जांभळी कीबोर्डची, हिरवी माउसची. अदलाबदल झाली तर दोन्ही बंद.
2. पीएस/2 जोडताना कॉम्प्युटर पूर्ण बंद ठेवा. चालू कॉम्प्युटरला जोडलेला कीबोर्ड बहुधा ओळखला जात नाही, पोर्टलाही धोका असतो.
3. नव्या मदरबोर्डवर गोल पोर्ट नसेल तर दोन पीएस/2 सॉकेट असलेला, आत चिप असलेला यूएसबी कन्व्हर्टर घ्या. नुसता आकार बदलणारा स्वस्त अडॅप्टर अनेकदा चालत नाही.
4. यूएसबीवर जोडल्यावर विंडोजमध्ये कीबोर्ड चालतो, पण बायोसमध्ये नाही? साधा वायरचा कीबोर्ड लावून बायोसमध्ये जा आणि 'यूएसबी लेगसी सपोर्ट' किंवा 'यूएसबी कीबोर्ड सपोर्ट' सुरू करा.
5. रिसीव्हर कीबोर्डच्या थेट समोर ठेवा. मध्ये पुस्तकांची चळत नको.

तरीही अक्षरं गळतात?

खिडकीकडे बघा. सूर्यप्रकाशातही इन्फ्रारेड असतं. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात रिसीव्हरवर थेट ऊन पडलं तर सिग्नल त्यात हरवतो. सीएफएल दिव्यांमुळेही अडथळा येऊ शकतो. रिसीव्हरची दिशा बदला, पडदा ओढा, सेल बदला.

टायपिंगच्या परीक्षेसाठी चालेल का?

खरा प्रश्न हाच आहे. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची जीसीसी-टीबीसी परीक्षा मिनिटाला 30 आणि 40 शब्दांच्या वेगाने होते. लिपिक-टंकलेखक पदासाठीही मराठी 30 किंवा इंग्रजी 40 शब्दांचं प्रमाणपत्र लागतं. अशा सरावात एखादं अक्षर गळलं, तर चूक बोटांची की कीबोर्डची, हे कळतच नाही. विद्यार्थी स्वतःलाच दोष देत बसतो.

म्हणून सरावासाठी काही शे रुपयांचा साधा वायरचा यूएसबी कीबोर्डच बरा. सेल नको, रिसीव्हर नको, उन्हाची भीती नको. इन्फ्रारेड संच फेकू नका, पलंगावर बसून लेक्चरचे व्हिडिओ पुढे-मागे करायला तो अजूनही कामाचा आहे.