परसबाग : घरच्या घरी हिरवा मसाला

परसबाग म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे बंगल्यामागची हिरवळ उभी राहते आणि "आपल्याला कुठली एवढी जागा अन् कुठले एवढे पाणी" असे म्हणून विषय तिथेच मिटतो. प्रस्तुत लेखात आम्ही ज्या बागेविषयी लिहीत आहोत, तिला ना बंगला लागतो ना हिरवळ. गोडेतेलाचे चार रिकामे पत्र्याचे डबे, न्हाणीच्या कडेची हातभर जागा आणि रोज दोन-चार तांबे पाणी एवढ्यावर ती उभी राहते. तिच्यातून मिळते काय? फोडणीपुरता कढीपत्ता, वरणावर घालण्यापुरती कोथिंबीर, चटणीपुरता पुदिना आणि चहात टाकायला गवती चहाची पात. परंतु उन्हाळ्यात कोथिंबिरीची जुडी घेताना ज्यांचा हात आखडतो, त्यांना हे थोडे वाटणार नाही.

आपला बीड जिल्हा पर्जन्यछायेतला. वर्षाचा पाऊस सरासरी साडेसहाशे-सातशे मिलिमीटरच्या आसपास आणि तोही लहरी. १९७२ चा दुष्काळ वडीलधाऱ्यांच्या तोंडून सर्वांनी ऐकलेला आहे. २०१६ साल तर तरुण वाचकांनाही आठवत असेल. त्या वर्षी आपल्याच केज तालुक्यातील धनेगावचे मांजरा धरण आटले आणि लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा जिल्ह्यात बागेच्या गोष्टी करायच्या तर आधी पाण्याचा हिशोब मांडला पाहिजे.

इथे एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. आपल्यापैकी अनेकांच्या आजा-पणज्यांच्या घरामागे परसही नव्हता आणि गावच्या विहिरीवर हक्कही नव्हता. पाण्यासाठी १९२७ साली महाडला सत्याग्रह करावा लागला, तो याच कारणाने. त्या पिढीच्या भाकरीसोबत हिरवे पान यायचे ते रानातून. पाऊस पडला की घोळ, तांदुळजा, पाथरी, तरोटा बांधावर आपोआप उगवायचा. आजही उगवतो, पण शिकलेली मुले त्याला गवत समजून तुडवून जातात. विद्यार्थी मित्रांनी आजीबरोबर एक दिवस बांधावर जाऊन या भाज्या ओळखायला शिकाव्यात. घोळ तर डब्यातही न पेरता येते. ती उपटून टाकू नये, डाळीत घालावी.

आता पाण्याविषयी. तांदूळ, डाळ, भाजी धुतलेले पाणी मोरीत ओतू नये, ते डब्यांना घालावे. साबणाचे पाणी मात्र ज्याची पाने आपण खुडून खातो त्या लहान रोपांना नको. ते शोभेच्या फुलझाडांकडे वळवावे. पाणी संध्याकाळी घालावे, म्हणजे रात्रभर मुरते. जमिनीत आळे असेल तर मडक्याची युक्ती फार उपयोगी पडते. न पाझरणारे चकचकीत मडके नको, साधे कच्च्या रंगाचे घ्यावे, गळ्यापर्यंत जमिनीत पुरावे, पाण्याने भरून वर झाकण ठेवावे. मडक्याच्या अंगातून पाणी झिरपत राहते, भोवतीची मुळे ते ओढून घेतात आणि वर उन्हाला द्यायला काही उरत नाही. डब्यातील मातीवर उसाचे पाचट दोन बोटे जाड पसरले की ओल टिकते. पाचट आपल्याकडे फुकटात मिळते आणि शेतात बहुधा जाळले जाते.

मातीचे दोन प्रकार लक्षात घ्यावेत. गेवराई, माजलगावकडे गोदाकाठची काळी माती आहे. ती सकस खरी, पण डब्यात नुसती भरली तर पाण्याने चिकट होते आणि वाळली की भेगाळते. तिच्यात तितकीच वाळू आणि तितकेच कुजलेले शेणखत मिसळावे. पाटोदा, आष्टी, शिरूर कासारकडे बालाघाटाची मुरमाड जमीन. तिथे वाळूची गरज नाही, शेणखत मात्र सढळ हाताने घालावे. डब्याच्या बुडाला खिळ्याने पाच-सहा भोके पाडून त्यांवर खापरीचे तुकडे ठेवावेत. पत्रा उन्हाने तापतो, तेव्हा डबे भिंतीच्या सावलीला, सकाळचे ऊन मिळेल असे मांडावेत.

कोथिंबीर लावताना अख्खा धणा पेरला की उगवण कमी होते. एका धण्यात दोन बिया असतात. धणे चपलेने किंवा लाटण्याने हलके रगडून दोन फाकी कराव्यात, रात्रभर भिजवाव्यात आणि मग पेराव्यात. आठ-दहा दिवसांत कोंब दिसतो आणि सव्वा-दीड महिन्यात खुडायला येते. थंडी तिला मानवते. उन्हाळ्यात ती लवकर फुलावर जाते, म्हणून त्या दिवसांत जुन्या लुगड्याची सावली करावी. पुदिन्याला बी शोधायची गरज नाही. बाजारच्या जुडीतल्या जाड काड्या पाण्यात ठेवल्या की मुळ्या फुटतात. त्याला स्वतंत्र डबा द्यावा, नाहीतर तो शेजाऱ्याला जगू देत नाही.

कढीपत्त्याला धीर लागतो. बी वाळवून ठेवले तर सहसा उगवत नाही, म्हणून काळी-जांभळी पिकलेली फळे ताजीच लावावीत, किंवा जुन्या झाडाच्या मुळाशी आलेला फुटवा काढून आणावा. पहिले वर्षभर त्याला हात लावू नये. पुढे एकेक पान ओरबाडण्यापेक्षा शेंडा कापावा, म्हणजे फांद्या फुटतात.

आपल्या जिल्ह्याची खरी अडचण वेगळीच आहे. दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे ऊसतोडीला निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. नेमका कोथिंबिरीचा हंगाम घराला कुलूप लावून जातो. अशा घरांनी नाजूक रोपांच्या मागे लागू नये. शेवगा, गवती चहा आणि पानओवा ही तीन झाडे लावावीत. घरी राहिलेल्या म्हाताऱ्या माणसाने आठवड्यातून एकदोनदा पाणी दिले तरी ती तग धरतात. पानओव्याची तर एक काडी डब्यात खोचून कोपीपर्यंतही नेता येईल. मांसल पान असल्याने ते तहान सोसते, आणि त्याची भजी पोरे आवडीने खातात.

पानांचा प्रश्न केवळ चवीचा नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. शेवग्याचा पाला, राजगिरा यांत लोह असते, पण पालेभाजीतले लोह अंगी लागायला आंबटाची जोड हवी. भाजीवर लिंबू पिळावे. जेवण झाल्याबरोबर चहा घेण्याची आपली सवय मात्र वाईट, चहा हे लोह अंगी लागू देत नाही. तासभर थांबावे.

आणि बागेचा आनंद? कढीपत्ता हा लिंबाच्या कुळातला, म्हणून लिंबाची फुलपाखरे त्याच्यावर अंडी घालतात. अळी प्रथम पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवीगार होते. तिला काडीने डिवचले तर डोक्यामागून दोन नारिंगी-तांबडी शिंगे बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. मुलांना याइतका जीवशास्त्राचा धडा फळ्यावर मिळणार नाही. झाड लहान असेल तर अळ्या उचलून जवळच्या लिंबावर सोडाव्यात, औषध मारू नये, कारण तीच पाने आपल्या फोडणीत जायची आहेत. मोर पाहायला पाटोदा तालुक्यातील नायगावच्या अभयारण्यात जावे लागते. शिंजीर मात्र जास्वंदीचे एक झाड लावले तरी दारात येतो. सब्जाला तुरे आले की मधमाश्या सकाळपासून गुणगुणत असतात.

बी विकत आणायची सवय लावून घेऊ नये. शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणे जपले, त्याबद्दल त्यांना २०२० चा पद्मश्री किताब जाहीर झाला. ते काम मोठे आहे. आपण डब्यातली कोथिंबिरीची दोन रोपे न खुडता फुलू द्यावीत. पांढरी फुले येतात, धणे धरतात, पिवळे पडले की झाड उपटून सावलीत वाळवावे. धणे गाडग्यात राखेत ठेवून तोंड कापडाने बांधावे आणि गाडग्यावर खडूने महिना लिहावा. थंडी पडली की तेच रगडून पेरायचे.