मारुतीचा हात

गणपतीच्या हलत्या देखाव्यात पहिला वाद होतो तो मोटरवरून. आमच्या सोसायटीतल्या पोरांचं एकच पालुपद: "काका, मोठी मोटर घेऊ ना!" काम काय, तर मारुतीने गदा खाली-वर करायची. थर्माकोलचा हात असायचा तेव्हा हा प्रश्नच येत नसे. 2018 मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आली, आणि बांबूच्या कामट्या, पुठ्ठा, कागदाचा लगदा यांचे दिवस परत आले. आता हात आणि गदा मिळून 2 किलो भरतात.

नुसत्या 2 किलोवरून काही ठरत नाही. ते वजन खांद्यापासून किती लांब आहे, ते बघावं लागतं. हात बोटावर तोलून पाहिला, तर तोल खांद्यापासून 40 सेंटीमीटरवर सापडला. म्हणजे हात आडवा असताना खांद्यावर 80 किलो-सेंटीमीटर टॉर्क. एवढा भार प्रत्येक फेरीला, रात्री उशिरापर्यंत कशाला ओढायचा? कोकणात विहिरीवरच्या लाटेला, म्हणजे पाणी काढायच्या लांब दांड्याला, मागच्या बाजूला दगड बांधत, तेच इथे करायचं. खांद्याच्या मागे 20 सेंटीमीटर दांडी काढली आणि तिला वाळूचा 4 किलोचा डबा टांगला. 80 ला 80. आता करंगळीनेही गदा वर जाते.

मग त्या डब्यातली दोन मुठी वाळू काढून घेतली. पोरांना हे पटेना. पण तोल अगदी काट्यावर आला, की सांध्यांतली ढिलाई कधी इकडे, कधी तिकडे पडते आणि हात कचकन हिसका देतो. गदेची बाजू किंचित जड राहिली, की सगळे सांधे एकाच बाजूला टेकून राहतात.

मोटर जुन्या बाजारातली, गाडीच्या वायपरची, 12 व्होल्टची. तिच्या पोटात वर्म गिअर असतो. मोटर दातेरी चाक फिरवते, पण त्या चाकाला मोटर उलटी फिरवणं जवळपास अशक्य. म्हणून वीज गेली तरी हात धपकन खाली येत नाही. वेग मात्र मिनिटाला 45 फेऱ्यांच्या आसपास. त्या वेगाने मारुती माश्या हाकलताना दिसतो! व्होल्टेज उतरवलं तर जोरही उतरतो. त्यापेक्षा सायकलची चेन बरी: मोटरला 18 दात्यांचं चाक, पुढे 44 दात्यांचं. फेऱ्या 18 वर आल्या आणि जोर जवळजवळ अडीचपट झाला, अर्थात घर्षणाने खाल्ला तेवढा सोडून.

मोठ्या चाकावर मध्यापासून 5 सेंटीमीटरवर खिळा, तिथून एक दांडी हाताला, खांद्यापासून 15 सेंटीमीटरवर. 5 ला 15, म्हणजे जोर तिप्पट. पण हात जेमतेम 40 अंश हलणार. पोरांना गदा पार डोक्यावर न्यायची होती. त्यासाठी खिळा दुप्पट लांब सरकवावा लागला असता, आणि मग जोर कमी झाला असता, शिवाय फेरीच्या टोकाला दांडी हाताला बरीच तिरकी ओढू लागली असती. मी नाही म्हटलं. खांद्यापासून गदेचं टोक 1 मीटर लांब आहे. 40 अंशांतच ते 70 सेंटीमीटर फिरतं. ज्या लांबीने मोटरला घाम फोडला असता, तीच इथे फुकट अंतर देते. रांगेतल्या माणसाला खांदा दिसत नाही, गदा दिसते.