जुनी लाकडी स्पीडबोट घेताय? आधी तळ तपासा

मिशिगनमध्ये एका ओळखीच्यांच्या शेडमध्ये धूळ खात पडलेली क्रिस-क्राफ्ट कंपनीची जुनी स्पीडबोट पाहिली. महोगनीची देखणी बोट! पण वॉर्निशची चमक पाहून निर्णय घेऊ नका.

अशा बोटींचा तळ बहुधा दुहेरी फळ्यांचा आणि मधे कापडाचा थर असा असतो. पाण्यात फळ्या फुगतात आणि फटी बुजतात. वर्षानुवर्षं कोरड्यात राहिल्या की आकसतात, चिरतात. मधे ओल अडकली तर आतून कुजतात.

मी स्क्रू-ड्रायव्हरचं टोक ठिकठिकाणी दाबून पाहतो. सहज रुतलं, तर ते लाकूड बदलायचंच.

आता अनेक जण आतला थर इपॉक्सी लावलेल्या मरीन प्लायवूडचा करतात आणि बाहेरच्या फळ्या लवचीक सीलंटमध्ये बसवतात. गळती जवळपास थांबते.

इंजिन मूळचंच ठेवा, इग्निशन इलेक्ट्रॉनिक करा. तळात साचलेलं पाणी उपसणारा बिल्ज पंप आणि वाफ बाहेर काढणारा ब्लोअर मात्र हवेतच. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती तळाशी साचते. एका ठिणगीनं स्फोट होतो. म्हणून इंजिन सुरू करण्याआधी ब्लोअर किमान 4 मिनिटं चालवा. स्टार्टर आणि अल्टरनेटरही मरीनच घ्या, गाडीचे नकोत.

तुमच्या पाहण्यात अशी बोट असेल, तर तळाचे फोटो टाका. जरूर विचारा, जमेल तेवढं सांगेन.