दरींतील रज्जुमार्ग आणि लोकमत

सार्वजनिक पैशानें एखादें मोठें काम व्हावयाचें असलें म्हणजे त्यासंबंधीं दोन प्रश्न विचारण्याची वहिवाट आहे. हें काम करतां येईल काय, हा पहिला. आणि त्यास खर्च किती येईल, हा दुसरा. परंतु तिसराहि एक प्रश्न असतो, आणि तो बहुधा वेळ निघून गेल्यावर विचारला जातो : हें काम कोणासाठीं ? अमेरिकेंतील यूटा राज्यांत एका डोंगरी दरीच्या बाबतींत हा तिसरा प्रश्न लोकांनीं वेळींच विचारला. त्यांतून उभा राहिलेला वाद समजून घेण्यासारखा आहे.

सॉल्ट लेक सिटी या शहराच्या पूर्वेस वॉसॅच नांवाची पर्वताची ओळ आहे. तींत प्राचीन काळच्या हिमनदीनें कोरून काढलेली 'लिटल कॉटनवुड' नांवाची अरुंद व उंच कड्यांची दरी आहे. तिच्या तोंडाशीं मिळणारा करडा, ग्रॅनाइटसारखा दगड फोडून मॉर्मन पंथाच्या लोकांनीं शहरांतील आपलें भव्य मंदिर उभारलें. तें काम १८५३ पासून १८९३ पर्यंत, म्हणजे तब्बल चाळीस वर्षें चाललें. त्याच काळांत दरीच्या माथ्यावर आल्टा येथें चांदीच्या खाणी लागल्या. खाणींसाठीं झाडें तोडलीं गेलीं, आणि उघड्या पडलेल्या उतारांवरून बर्फाचे लोट खाणकामगारांच्या वस्तीवर कोसळूं लागले. कित्येक माणसें त्यांत गाडलीं गेलीं. चांदी संपली, वस्ती ओस पडली. परंतु बर्फ राहिलें, आणि त्यानेंच दरीला दुसरा जन्म दिला. १९३९ सालीं आल्टा येथें बर्फावरून घसरण्याच्या खेळासाठीं, म्हणजे स्कीसाठीं, खुर्च्यांचा पाळणा सुरू झाला. १९७१ सालीं थोडें खालीं स्नोबर्ड हें दुसरें क्रीडास्थान निघालें.

या दोन्ही ठिकाणीं जाण्यास दरींतून एकच रस्ता आहे. त्यावर हिमलोट उतरण्याच्या सुमारें ६४ वाटा येऊन मिळतात. २०२२-२३ च्या हिवाळ्यांत आल्टा येथें ९०३ इंच, म्हणजे पंचाहत्तर फुटांहूनहि अधिक हिमवृष्टि झाली. साठलेलें बर्फ आपोआप कोसळण्याची वाट न पाहतां तोफा डागून तें मुद्दाम खालीं पाडण्याची पद्धति येथें विसाव्या शतकाच्या मध्यापासून रूढ झाली. आणि तोफा चालूं असतां रस्ता बंद ठेवावा लागतो. तो मोकळा झाला कीं खालीं खोळंबलेल्या शेंकडों मोटारी एकदमच वर निघतात. त्यांच्या मागील तांबड्या दिव्यांच्या रांगेस तेथील लोक 'लाल साप' म्हणतात. सुटीच्या दिवशीं सकाळीं हा साप दरीच्या बाहेर, पायथ्याच्या घरांच्या दारांपर्यंत पसरलेला असतो. तेव्हां अडचण खोटी नाहीं, हें दोन्ही पक्षांस मान्य आहे. मतभेद आहे तो उपायाविषयीं.

राज्याच्या वाहतूक खात्यानें अनेक योजना तपासून २०२१ च्या उन्हाळ्यांत दोन लोकांपुढें ठेविल्या : रस्ता रुंद करून जादा बसगाड्या चालविणें ही एक, आणि रज्जुमार्ग ही दुसरी. ऑगस्ट २०२२ च्या अंतिम अहवालांत पसंति रज्जुमार्गास मिळाली. त्याची लांबी सुमारें आठ मैल. वाटेंत २२ खांब, त्यांतील कांहीं दोनशें फुटांहून उंच. प्रत्येक पाळण्यांत ३५ माणसें, आणि दर दोन मिनिटांस एक पाळणा. हिशेब सोपा आहे : तासास तीस पाळणे, म्हणजे सुमारें एक हजार पन्नास माणसें. खर्चाचा अंदाज त्या अहवालांत ५५ कोटी डॉलर होता. जुलै २०२३ मध्यें निर्णय जाहीर झाला तेव्हां तो ७२ कोटी ९० लक्षांवर गेला होता.

हा बेत बाहेर पडतांच विरोध सुरू झाला. २०२१ च्या मसुद्यावरच तेरा हजारांहून अधिक अभिप्राय आले. विरोध करणाऱ्यांत पायथ्याचे रहिवासी होते, कड्यांवर चढणारे गिर्यारोहक होते, निसर्गरक्षणाच्या संस्था होत्या. इतकेंच नव्हे, तर खुद्द सॉल्ट लेक परगण्याच्या महापौर जेनी विल्सन व तेथील लोकनियुक्त मंडळ हींहि होतीं. त्यांचे आक्षेप मुख्यतः चार होते.

पहिला आक्षेप पैशाचा. रज्जुमार्गास वर दोनच थांबे, आणि ते दोन्ही क्रीडास्थानांच्या दारांत. दरीच्या मध्यावर उतरून पायवाटेनें रानांत जाणाऱ्यास त्याचा उपयोग नाहीं. मग सर्व जनतेच्या करांतून उभारलेल्या मार्गाचा लाभ दोन खासगी धंद्यांकडे कां जावा ? दुसरा आक्षेप पाण्याचा. वॉसॅचच्या दऱ्यांतून शहराच्या पिण्याच्या पाण्याचा मोठा वाटा येतो. त्या पाण्यास इतकें जपतात कीं या दरींत कुत्रें नेण्यास व ओढ्यांत पोहण्यास मनाई आहे. ज्या दरींत कुत्र्यास मज्जाव, तेथें खांबांचे पाये खणावयाचे व माणसांची गर्दी वाढवावयाची, हें कसें ? तिसरा आक्षेप दरीच्या रूपाचा. एकदां खांब उभे राहिले कीं पिढ्यान्‌पिढ्या तेच डोळ्यांपुढें राहणार; शिवाय गिर्यारोहकांच्या आवडीच्या शिळांवरहि गदा येणार. चौथा आक्षेप क्रमाचा. बसगाड्या वाढवा, मोटारींवर टोल बसवा, एकट्यानें मोटार नेण्यास आळा घाला; हे स्वस्त व मागें घेतां येण्याजोगे उपाय मनापासून करून पाहिल्यावांचून सर्वांत महाग व कायमचा उपाय कां ? रोगापेक्षां औषध जालीम होऊं नये, असें त्यांचें म्हणणें.

न्यायबुद्धीनें पाहतां दुसऱ्या बाजूसहि वजन आहे. बसगाडी त्याच रस्त्यानें जाते. हिमलोट रस्त्यावर आला कीं ती मोटारींबरोबरच अडकते. पाळणा त्यावरून जाऊं शकतो, जरी तोफा डागतेवेळीं त्यासहि थांबावें लागतें. बसला चालक लागतात, आणि २०२२-२३ च्या हिवाळ्यांत चालकांच्या तुटवड्यामुळें तेथील बसफेऱ्या कमी कराव्या लागल्या होत्या. गंमत अशी कीं हीच गोष्ट दोन्ही पक्ष पुराव्यादाखल पुढें करीत. समर्थक म्हणत, "पाहा, बसचा भरंवसा नाहीं", विरोधक म्हणत, "चालकांस पुरेसें वेतन देऊन पाहिलें काय?" घटना एकच, परंतु तिचा अर्थ पाहणाऱ्याच्या भूमिकेप्रमाणें बदलतो.

या विरोधाचें फळ काय ? रज्जुमार्ग रद्द झाला नाहीं. परंतु २०२३ च्या निर्णयांत कामाचे तीन टप्पे पाडण्यांत आले. प्रथम बस, टोल व गाडीतळ. मग हिमलोटांपासून रस्ता झांकणाऱ्या छपऱ्या आणि इतर सुधारणा. आणि पैसा उपलब्ध झाल्यास शेवटीं रज्जुमार्ग. त्याच वर्षीं विधिमंडळानें पहिल्या टप्प्यासाठीं १५ कोटी डॉलर मंजूर केले. तरीहि विरोधकांचें समाधान झालें नाहीं, कारण अखेरचें ठिकाण तेंच राहिलें होतें. डिसेंबर २०२३ मध्यें निसर्गरक्षक संस्थांनीं न्यायालयाचा मार्ग धरला. सॉल्ट लेक सिटी व सँडी या नगरपालिकांनींहि आपल्या पाण्याच्या रक्षणासाठीं फिर्याद गुदरली. एका बाजूस राज्य आणि दुसऱ्या बाजूस त्याच राज्यांतील शहरें, असें चित्र दिसूं लागलें.

या वादांत कोणी अडाणी नव्हता, कोणी प्रगतीचा शत्रूहि नव्हता. यंत्रशास्त्र जाणणाऱ्यांनीं पाळणा किती माणसें नेईल हें अचूक सांगितलें. परंतु दरीनें किती माणसें सोसावीं, हें यंत्रशास्त्र सांगत नाहीं. तें ठरविण्याचा अधिकार तिचें पाणी पिणाऱ्यांचा, तींत हिंडणाऱ्यांचा व खर्चाचा भार उचलणाऱ्यांचा आहे. आल्टाच्या खाणवाल्यांनीं झाडें तोडलीं तेव्हां हा विचार कोणी केला नाहीं, आणि त्याचें मोल त्यांच्याच वस्तीनें दिलें. त्यांच्यानंतर आलेल्यांनीं खांब रोवण्यापूर्वीं मोजदाद मागितली. तींत उशीर लागतो, वादावादी होते, हें खरें. परंतु तोडलेलें रान पुन्हां वाढावयास जितकीं वर्षें लागतात, त्या मानानें हा उशीर फार नाहीं.