फोल्डरची नक्कल उतरवताना



इंदूरमधल्या आपल्या जुन्या मराठी घरांतून सध्या बरेच काही बाहेर निघते आहे. रामबागेतला वाडा पाडून फ्लॅट होतो, मुले पुण्याला किंवा परदेशी असतात, आणि माळ्यावरच्या ट्रंकेत मोडी कागद, आजोबांची रोजनिशी, हौशी नाटकांचे फोटो, आजीच्या आवाजातल्या ओव्यांची कॅसेट असे काहीबाही सापडते. कुणी हौसेने ते स्कॅन करते, कॅसेटचे रेकॉर्डिंग संगणकावर घेते आणि पेनड्राइव्ह आपल्या कार्यकर्त्यांच्या हातात देते. इथून पुढे काम एकच, कॉपी करण्याचे. ते वाटते तितके साधे नाही, हे मी एकदा हात पोळल्यावर शिकलो.

झाले असे, की एका गणेशोत्सवाचे फोटो दोन सभासदांनी आणून दिले. दोघांचे कॅमेरे एकाच कंपनीचे. कॅमेरा फाइलला नाव देतो ते ‘आयएमजी’ आणि पुढे चार आकडे. ०००१ पासून ९९९९ पर्यंत जायचे, की पुन्हा ०००१. मी दोन्ही पेनड्राइव्ह एकाच फोल्डरात ओतले. संगणकाने मध्ये विचारले होते, ‘या नावाची फाइल आधीच आहे, बदलू का?’ रात्रीचे साडेअकरा वाजले होते. मी ‘सगळ्यांना होय’ दाबले. पहिल्या सभासदाचे निम्मे फोटो दुसऱ्याच्या फोटोंखाली कायमचे गाडले गेले, आणि तोवर पहिला पेनड्राइव्ह पुसून परत दिलेला होता. काकूंना ते सांगताना काय वाटले ते इथे लिहीत नाही.

तेव्हापासून हे काम मी माउसने करत नाही, पायथन या संगणकभाषेत चार ओळी लिहून करतो. आपल्या घरातली कॉलेजात शिकणारी मुले या ओळी सहज लिहू शकतील, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. (नावे देवनागरीत देतो आहे, टंकताना अर्थातच रोमनमध्ये टंकावी.)

पायथनबरोबर फुकट मिळणाऱ्या साहित्यात ‘शटिल’ नावाचा एक भाग आहे. वेगळे काही उतरवून घ्यावे लागत नाही. त्यात एका फाइलची नक्कल करणारी तीन कामे आहेत आणि तिन्हींत फरक आहे. ‘कॉपीफाइल’ फक्त आतला मजकूर नेते. ‘कॉपी’ मजकुराबरोबर फाइलच्या परवानग्या नेते, म्हणजे ती कुणी वाचावी, कुणी बदलावी हे. आणि ‘कॉपी-टू’, म्हणजे कॉपीपुढे इंग्रजी दोनचा आकडा, फाइल शेवटची कधी बदलली ती तारीखही नेण्याचा प्रयत्न करते.

ही तारीख क्षुल्लक वाटेल. मोबाइलवर काढलेल्या फोटोच्या पोटातच तारीख लिहिलेली असते, त्यामुळे तिथे फारसे बिघडत नाही. पण कॅसेटवरून घेतलेल्या रेकॉर्डिंगमध्ये किंवा स्कॅन केलेल्या कागदात अशी नोंद बहुधा नसते. ते काम कधी झाले, कोणती फाइल आधीची आणि कोणती नंतरची, हे सांगणारा एकमेव साक्षीदार म्हणजे फाइलवरची तारीख. साधी ‘कॉपी’ वापरलीत, तर सगळ्या फायलींवर आजचीच तारीख पडेल. जुने लेखनिक पोथी उतरवून झाली की शेवटी शक, तिथी आणि गाव लिहीत. आज पोथीचा काळ ठरवताना त्या दोन ओळींचा केवढा आधार होतो! हे तसेच आहे. अर्थात ‘कॉपी-टू’ही सर्वच नेत नाही. फाइलचा मालक कोण, ही नोंद तिच्याकडूनही सुटते. आपल्या कामाला ती सहसा लागत नाही.

अख्ख्या फोल्डरसाठी ‘कॉपी-ट्री’ आहे. मूळ फोल्डर आणि नव्या फोल्डरचे नाव दिले, की ती आतले फोल्डर, त्यांच्या आतले फोल्डर, सगळे झाड उतरवते आणि प्रत्येक फाइलसाठी आपण होऊन ‘कॉपी-टू’च वापरते. नवे फोल्डर आधीपासून असेल, तर ती कामच सुरू करत नाही, थेट चूक दाखवून थांबते. मला हा स्वभाव आवडतो. २०१९ साली आलेल्या ३.८ या आवृत्तीपासून मात्र ‘फोल्डर आधीच असले तरी चालेल’ असे तिला सांगण्याची सोय झाली. सोय चांगली आहे, पण ती वापरलीत की एकाच नावाच्या फायली न विचारता पुसल्या जातात. माझ्या गणेशोत्सवाचे तेच झाले होते, फक्त तिथे निदान एकदा विचारले तरी होते.

यावर उपाय ‘कॉपी-ट्री’मध्येच आहे. प्रत्येक फाइल कोणत्या कामाने उतरवायची, हे तिला बाहेरून देता येते. आपण एक छोटे काम लिहायचे: त्या जागी त्या नावाची फाइल असेल तर ‘फाइल-एक्झिस्ट्स’ ही चूक उठव, नसेल तर ‘कॉपी-टू’ कर. बस. एखादी फाइल अडली म्हणून ‘कॉपी-ट्री’ वाटेत थांबत नाही. ती बाकीच्या फायली उतरवते आणि शेवटी अडलेल्यांची यादी एका चुकीत बांधून हातात देते. ती यादी छापून घ्या. पुष्कळ मुले चूक दिसू नये म्हणून ती गिळून टाकणारी ओळ लिहितात. इथे तसे केले तर कोणते फोटो आले नाहीत ते कधीच कळणार नाही.

आता खास आपल्या लिपीची अडचण. लिनक्सवर फाइलच्या नावाला २५५ बाइटांची मर्यादा असते. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक खुणेला तीन, आणि काना, मात्रा, अनुस्वार यांची मोजणी वेगळी. म्हणजे नावात जेमतेम ८५ खुणा मावतात. विंडोजवर ही मोजणी बाइटांनी होत नाही, त्यामुळे तिथे सुखाने नांदणारे ‘शारदोत्सव उद्घाटन समारंभ, प्रमुख पाहुण्यांचे भाषण…’ असे लांबलचक नाव लिनक्सच्या डिस्कवर जाताना अडते. नावे आखूड ठेवा, तपशील वेगळ्या वहीत लिहा.

दुसरी गंमत ‘ऱ्या’ची. ‘वाऱ्यावरची वरात’ हे नाव दोन जणांनी दोन कळफलकांवर टंकले, तर डोळ्यांना एकच दिसते, पण आतले संकेत वेगळे असू शकतात. संगणकाच्या लेखी ती दोन फोल्डर. एकाच नाटकाचे फोटो दोन ठिकाणी का पडले, हे शोधण्यात माझा एक रविवार आणि दोन प्लेट पोहे खर्ची पडले.

पेनड्राइव्हची जुनी फॅट-३२ पद्धत असेल, तर ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाइल त्यावर बसत नाही. तीन तासांच्या नाटकाचे चित्रीकरण तिथेच अडकते.

नक्कल झाली, की पडताळणी. पायथनमध्ये त्यासाठी ‘फाइल-सीएमपी’ आहे, पण त्यात एक फसवी जागा आहे. नेहमीच्या रीतीने ती फाइल उघडून वाचतच नाही. आकार आणि तारीख जुळली की ‘सारखी’ म्हणून मोकळी होते. आणि ‘कॉपी-टू’ने तारीख तर मुद्दाम जुळवलेली असते! आत एखादा बाइट बिघडला असला तरी ती ‘ठीक’ म्हणणार. म्हणून तिला ‘शॅलो’ बंद करून चालवावे, म्हणजे ती अक्षर न् अक्षर ताडून पाहते. किंवा ‘हॅशलिब’मधून प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ ठसा काढावा. हा ६४ चिन्हांचा असतो आणि फाइलमध्ये एक टिंब बदलले तरी ठसा पार बदलतो. ठशांची यादी साध्या मजकुराच्या फाइलमध्ये ठेवली, तर पाच वर्षांनी डिस्क उघडल्यावरही फाइल शाबूत आहे का, हे मूळ पेनड्राइव्ह नसताना सांगता येते.

‘मूव्ह’ या कामापासून लांब राहा. एका डिस्कवरून दुसरीवर नेताना ते आधी नक्कल करते आणि मग मूळ पुसते. मध्ये ताडून पाहणारे कुणी नसते.

प्रत तयार झाली, की एक इथे, दुसरी वेगळ्या डिस्कवर आणि तिसरी गावाबाहेर ठेवावी. आपला राजवाडा १८०१, १९०८ आणि १९८४ अशा तीन वेळा आगीत सापडला. शेवटच्या आगीनंतर दर्शनी भाग उभा राहिला, मागचा बराचसा गेला. आमची तिसरी प्रत सध्या देवासला एका सभासदांच्या कपाटात असते. दर दिवाळीला ती आणायची, ठसे ताडायचे, नवे फोल्डर चढवायचे आणि भाऊबिजेला परत पाठवायची. पेनड्राइव्ह मात्र आता ठसे जुळल्याशिवाय कुणालाही पुसून दिला जात नाही, आणि काकूंचा तर मुळीच नाही.